भुंग्याची दोरी

कापडाच्या कारखान्यात एक तिरपी काचेची फळी असते. तिच्या मागे दिवे लावलेले असतात आणि विणून आलेलं नवं कापड त्या फळीवरून संथपणे खाली सरकत असतं. समोरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाने फक्त बघायचं. कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे यंत्राच्या तेलाचा ठिपका पडलाय. दिसलं की यंत्र थांबवायचं, त्या जागी खडूने फुली मारायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. कापड चांगलं असेल तर काहीच करायचं नाही. चांगलं कापड आपलं आपण गुंडाळलं जातं.

त्या स्टुलावर बसून ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना कारखान्यात सगळे खडूकाका म्हणत. हळूहळू गल्लीतही तेच नाव पडलं. त्यांना ते आवडत होतं की नव्हतं हे कोणाला कळलं नाही, कारण आवडलेल्या गोष्टीबद्दल बोलायची त्यांना सवयच नव्हती. नजर मात्र अशी, की पाहुणा दारात उभा राहिला की आधी त्याच्या शर्टाचं निघायला आलेलं बटण दिसायचं आणि मग पाहुणा.

घरातही तेच. भाजीत मीठ कमी पडलं की ते लगेच सांगत, आणि बरोबर पडलं की मुकाट्याने जेवून उठत. लग्नानंतर बायकोने वाट पाहिली, की आज म्हणतील, उद्या म्हणतील. मग तिने त्यांच्या गप्प राहण्यालाच शाबासकी मानायला सुरुवात केली. "आज काही बोलले नाहीत, म्हणजे झाली असेल बरी," असं ती स्वतःशीच म्हणे. पण नुसत्या गप्पपणावर माणसाने किती वर्षं काढायची?

लेकीला बाळ झालं तेव्हा ती दोन महिन्यांसाठी म्हणून लेकीच्या शहरात गेली. निघताना जिन्याच्या तोंडाशी बॅग घेऊन क्षणभर थांबली. काहीतरी ऐकायला थांबली असावी. खडूकाका दारात उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पट्ट्याची शिवण उसवलीय बघ."

"बरं," ती म्हणाली आणि जिना उतरली.

ते बाळ आता चालतं, बोलतं, आजीचा चष्मा पळवून पलंगाखाली लपवतं. आजी काही परत आलेली नाही. भांडण नाही, तंटा नाही. फोनवर खुशाली विचारते, औषधाची आठवण करते. परत येण्याचा विषय निघाला की म्हणते, "इथे माझी गरज आहे हो." तिथे गरज आहे म्हणजे इथे नाही, ते खडूकाकांना बरोबर समजत होतं.

बाबा एकटे पडले म्हणून लेकीने एकदा येताना टोपलीतून कुत्र्याचं पिल्लू आणलं. भुऱ्या रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. "तुम्हाला सोबत होईल, बाबा."

"कान वाकडा आहे त्याचा," खडूकाका म्हणाले.

ते पिल्लू उतरलं ते पायांभोवती गोलगोल फिरायलाच लागलं. गल्लीच्या कोपऱ्यावर ज्याचं कुलूपकिल्लीचं दुकान आहे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "काका, हा कुत्रा नाही, भुंगा आहे." तेच नाव राहिलं. खडूकाका मात्र त्याला त्या नावाने कधी हाक मारत नसत. कार्ट्या, नतद्रष्टा, अरे ए दिवट्या, अशीच त्यांची बोलावणी. तो दिवट्या म्हटल्यावरसुद्धा कान टवकारून धावत येई.

आता या घरात काय घडत होतं ते पाहा. कापड कापून झालं की काठाच्या लांबलचक पट्ट्या कारखान्यात टाकून देतात. खडूकाका त्या पट्ट्या डब्याच्या पिशवीतून घरी आणू लागले. रोज संध्याकाळी खिडकीशी बसून ते त्यांची वेणी घालत. निळी, पांढरी, तपकिरी, पुन्हा निळी. हाताला मऊ, पण बैलाने ओढली तरी तुटणार नाही अशी दोरी तयार झाली. भुंग्याची मान काचू नये म्हणून गळ्याशी येणाऱ्या फासाला आतून फ्लॅनेलही लावलं. आणि त्याच संध्याकाळी लेकीला फोनवर काय सांगितलं? "तुझ्या या जनावराने माझा मोजा खाल्ला. पूर्ण नाही, अर्धा. उरलेला अर्धा घेऊन मी काय करू?"

रोजचं हेच. "घोरतो. माणसासारखा घोरतो." "बादलीत तोंड घालून पाणी पितो, मग सगळ्या खोलीभर तोंड पुसतो." "आज खुर्चीचा पाय कुरतडला, आता खुर्ची लंगडते." "घेऊन जा बाई याला, माझा जीव नकोसा केलाय." पूर्वी बाप-लेकीचा फोन दोन वाक्यांत संपायचा. आता लेक ऐकून ऐकून दमायची. तिकडे तिचं लहान मूल, नोकरी, घरातली धावपळ. तिने ऐकलं ते शब्द ऐकले, आणि त्यात तिचं काय चुकलं? मनातलं न बोललेलं ऐकणारा वर एकच आहे. लेकीने ते कुठल्या कानाने ऐकावं?

एका संध्याकाळी तिने मोठ्या आनंदाने सांगितलं, "बाबा, तुमची कटकट मिटली! माझ्या मैत्रिणीची मावशी, तिची शहराबाहेर रोपवाटिका आहे. भरपूर मोकळी जागा. ते नवरा-बायको भुंग्याला न्यायला तयार आहेत. तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी येते त्यांच्याबरोबर, चहाच्या वेळेला."

खडूकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? ऐकलंत ना?"

"बरं झालं," ते म्हणाले. "सुटलो एकदाचा."

फोन ठेवून ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. भुंगा त्यांच्या विजारीचं टोक दातात धरून ओढत होता.

तो सुट्टीचा दिवस उजाडला. आठवडाभर त्यांनी मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. राहू दे त्याला. एवढंच. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, लाजण्यासारखंही काही नव्हतं. पण रोज फोन हातात घेतला की तोंडातून भलतंच निघे. मग त्यांनी ठरवलं, समोरासमोर सांगू. लेक येईल, ते लोक येतील, आपण शांतपणे म्हणू, राहू दे त्याला. चहा पाजून पाठवू परत.

सुट्टीच्या दिवशी पूर्वी ते उशिरापर्यंत पडून राहत. आता ते कुठलं? उजेड होतो न होतो तोच पांघरुणाचं एक टोक पलंगाखाली सरकू लागलं. खडूकाकांनी वरून ओढलं, भुंग्याने खालून ओढलं. "सोड मेल्या, सुट्टी आहे आज." भुंग्याला सुट्टी म्हणजे काय ते ठाऊक होतं. ज्या दिवशी डब्याची पिशवी खुंटीवरून खाली येत नाही, तो दिवस.

ते उठले, दोरी घेतली आणि दोघे खाली उतरले. उतरले म्हणजे भुंगा उतरला आणि त्याच्यामागे खडूकाका ओढले गेले. गल्ली अजून निजलेली होती. दुधाचे रिकामे क्रेट भिंतीशी रचलेले, एका दारात ओलं पायपुसणं. भुंग्याने प्रत्येक खांबाची चौकशी केली. एका कबुतरामागे असा सुटला, की खडूकाकांची चप्पल रस्त्यातच राहिली आणि ते एका पायाने लंगडत "अरे थांब, अरे गाढवा थांब" करत गेले. कोणी पाहत नाही असं वाटून हसलेही.

पण कुलूपवाला पाहत होता. तो दुकानाचं शटर वर करत होता.

"काका, हसलात की काय तुम्ही?"

"दात दुखतोय," खडूकाका म्हणाले.

"आज नेणार म्हणे याला."

"हो. संध्याकाळी."

"मग? मोकळे झालात."

"तर काय. केस किती गळतात याचे, तुला कल्पना नाही. माझं जेवण कमी आणि याचे केसच जास्त पोटात जातात."

कुलूपवाला भुंग्याच्या पाठीवर थोपटत होता. "तसा माझ्या धंद्याला बरा होता हा. याला पाहून लोक म्हणायचे, असला कुत्रा पाळण्यापेक्षा कुलूपच घेऊ." मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "काका, एक विचारू? लेकीला सांगा ना सरळ, नको नेऊ म्हणून. तुम्हाला जमत नसेल तर मी करतो फोन. आता करतो."

खडूकाकांनी शटरकडे पाहिलं. "तुझ्या शटरची खालची पट्टी वाकलीय," ते म्हणाले. "पाणी आत येईल."

"येऊ दे," कुलूपवाला म्हणाला. "धन्य आहात."

घरी आल्यावर त्यांनी भुंग्याला न्हाऊ घातलं. परक्या घरी जायचंय म्हणून, असं मनाला सांगितलं. पण जाणारच नसेल तर मग न्हाऊ का घालायचं, असंही त्यांच्या मनात आलं आणि ते साबण हातात धरून क्षणभर तसेच बसून राहिले. मग घातलंच. कोमट पाणी घेतलं, वाकड्या कानात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर तळवा धरला. भुंगा मोरीतून सुटला आणि खोलीच्या मधोमध उभा राहून अंग झाडू लागला. कॅलेंडर, रेडिओ, धुतलेले शर्ट, भिंत, सगळं न्हालं. "आवरलं का तुझं?" खडूकाका ओरडले. भुंग्याने उत्तरादाखल आणखी एकदा अंग झाडलं. फळीवरचा आरसासुद्धा सोडला नाही.

मग थकून तो खिडकीतल्या उन्हात आला. खडूकाका तिथे खुर्चीवर बसले होते, त्याच लंगड्या खुर्चीवर. त्याने त्यांच्या पायावर हनुवटी टेकली, एक लांब सुस्कारा सोडला आणि झोपला. त्याचं पोट वरखाली होत होतं. ओल्या केसांचा वास येत होता. गॅसवर दूध ठेवलेलं होतं. खडूकाकांना आठवलं. दूध वर येत असल्याचा तो बारीक आवाजही त्यांना ऐकू आला. पाय हलवला असता तर भुंगा उठला असता. ते उठले नाहीत. दूध उतू गेलं, गॅस विझला, जळका वास घरभर झाला, तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीवरूनच हात लांब करून कसंबसं बटण फिरवलं. उठायला मग तासभर लागला.

भुंगा उठल्यावर म्हणाले, "तुझ्यामुळे दूध गेलं."

दुपार अशीच गेली. भुंग्याने डाव्या चपलेचा अंगठा खाल्ला. झाडूशी भांडण केलं आणि जिंकलं. खडूकाकांनी जुन्या मोज्यात चिंध्या भरून चेंडू केला होता, तो भुंगा पुन्हा पुन्हा आणून त्यांच्या मांडीवर टाकी. ते "पुरे आता" म्हणून पुन्हा फेकत. ते वाक्य मधूनच जिभेवर येऊन बसे. राहू दे त्याला. एकदा त्यांनी ते मोठ्याने म्हणूनही पाहिलं. भुंग्याने मान तिरकी केली.

"तुला नाही सांगत," ते म्हणाले.

चहाच्या वेळेला खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मागे उघडी असलेली छोटी टेम्पोगाडी, त्यात रिकाम्या कुंड्या. लेक पुढे, तिच्यामागे रोपवाटिकेच्या मावशी आणि त्यांचे यजमान. मावशी ठसठशीत, मोकळ्या आवाजाच्या. यजमान उंच आणि मितभाषी, नखांत माती. भुंगा दार उघडताच तिघांवर एकदम झेपावला. मावशींच्या साडीवर पंजे उमटले.

"अगं बाई, केवढा उत्साह!" मावशी हसल्या.

खडूकाकांनी चहा टाकला. कप मांडताना ते शब्द जुळवत होते. पण चहा पिता पिता मावशींनीच विचारलं, "काय काका, स्वभाव कसा आहे याचा?"

खडूकाकांना वाटलं, ही वेळ. सरळ बोलणं जमत नाही, तर आपल्या पद्धतीने बोलू. नुकसान सांगू सगळं, म्हणजे हे आपोआप माघार घेतील. जन्मात पहिल्यांदा ते एक गोष्ट आपल्याकडे ठेवण्यासाठी तिच्यात खोट काढायला बसले.

"स्वभाव?" ते म्हणाले. "ओढतो. खांदा निखळेल तुमचा. झाडं उपटील. खुर्च्या खातो, मोजे खातो, आज चप्पल खाल्ली, ही बघा. ढग गडगडले की पलंगाखाली जाऊन रडतो, मग रात्रभर कोणीतरी शेजारी खाली बसावं लागतं. दूध गरम चालत नाही, गार चालत नाही. मानेला दोर काचतो. डाव्या कानाला हात लावला तर चावत नाही, पण रुसतो. फार रुसतो. तुम्हाला नाही झेपायचा."

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेक हसत होती.

"सांगितलं होतं ना मी तुम्हाला गाडीत?" ती म्हणाली. "बाबांना प्रत्येकात खोट दिसते. मनावर घेऊ नका. मलासुद्धा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा म्हणाले होते, अक्षर तिरकं आहे."

सगळे हसले. यजमानसुद्धा. खडूकाकांचे हात कपाभोवती तसेच राहिले.

"काका, आमच्याकडे असे तीन होते पूर्वी," यजमान पहिल्यांदाच बोलले. "काळजी करू नका."

मग लेकीला काय वाटलं कोण जाणे. कप ठेवता ठेवता ती थांबली. बापाच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं, तिची आई जिन्यात थांबली होती तशी थांबून पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला ठेवायचाय का हा? एकदा तोंडाने सांगा. मी आत्ता यांची माफी मागते. सांगा, बाबा."

भुंगा चिंध्यांचा चेंडू घेऊन आला आणि त्याने तो खडूकाकांच्या पायाशी ठेवला. वाक्य तयार होतं. दिवसभर तयार होतं. ते तोंड उघडून म्हणाले,

"मला काय करायचंय? आताच्या आता न्या. घरभर केसच केस."

लेकीने मान खाली घातली. "बरं," ती म्हणाली. अगदी आईसारखं.

खाली रस्त्यावर मावशींनी पिशवीतून नवाकोरा लाल पट्टा काढला. भुंग्याच्या गळ्यातून खडूकाकांनी दोरी सोडवली. फ्लॅनेल लावलेला फास त्यांच्या बोटांत गरम लागला. भुंगा शेपूट हलवत होता, टेम्पोतल्या कुंड्या हुंगायला त्याला भारी घाई झाली होती. एकदा तरी तो वळून पाहील, असं खडूकाकांना वाटलं. तो एका उडीत गाडीत चढला आणि यजमानांचा कान चाटू लागला. जनावराला काय कळतं? जिथे हात मऊ आणि आवाज मोकळा, तिथे ते रमतं. त्याला दोष देता येत नाही.

लेक म्हणाली, "येते, बाबा." आणि जरा थांबली.

खडूकाकांनी हातातली दोरी मावशींपुढे धरली. काहीतरी बोलायला हवं होतं. "ही झिजलीय," ते म्हणाले. "मधे एका ठिकाणी. बदला."

"आम्ही पट्टा आणलाय ना, काका," मावशी म्हणाल्या. "दोरी राहू दे तुमच्याकडेच."

गाडी कोपऱ्यावर वळली. कुलूपवाल्याने दुकानातून एकदा पाहिलं आणि तो पुन्हा किल्लीवर कानस घासू लागला. त्याने हाक मारली नाही.

घर शांत होतं. अशी शांतता हवी म्हणून खडूकाकांनी रोज फोनवर देवाचा धावा केला होता, आणि देवाने ऐकलं म्हणायचं. त्यांनी केर काढला. केसांचा एक भुरा पुंजका सुपलीत जमला, तो त्यांनी टाकला नाही आणि ठेवलाही नाही. सुपली तशीच दारामागे उभी केली. दिवे लागायच्या सुमारास फोन वाजला. बायकोचा होता.

"गेला का हो?"

"गेला."

"लेकीचा फोन आला होता, वाटेतून. रडत होती." मग ती म्हणाली, "जाताना काही बोललात त्याच्याशी?"

"कुत्र्याशी काय बोलायचं?"

"तरी."

"दोरी झिजलीय म्हटलं."

पलीकडे लहान मुलाचं हसणं, भांड्यांचा आवाज. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, जणू भाजीचा भाव सांगावा तसं, "माझ्या बॅगेची शिवण कुठेच उसवली नव्हती. इथे आल्यावर मी सगळी उलटीसुलटी करून पाहिली. एक टाकासुद्धा नाही."

"अगं—"

"जेवून घ्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खडूकाकांनी दिवा खिडकीशी ओढला. दोरी मांडीवर घेतली आणि फळीवरून कापड सरकतं तशी एका टोकापासून हळूहळू बोटांतून सरकवत नेली. निळी, पांढरी, तपकिरी, पुन्हा निळी. दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग उलटी धरून पुन्हा पाहिली. फ्लॅनेलच्या फासाला दोन भुरे केस चिकटले होते. बाकी दोरी चांगली होती.